ढोमणे वकिलांच्या शेजारची खुर्ची

सर्व लहानथोर नागरिक, माता-भगिनी आणि मागं उभं राहून पान खाणारी मंडळी, यांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, आमच्या बालाघाट शहरात एक असा इसम राहतो जो कोणत्याही कार्यक्रमातून कार्यवाही वाचून झाल्याशिवाय उठत नाही. मग ते लग्न असो, बारसं असो की तेरवी. याबद्दल कोणाला आक्षेप असल्यास त्यानं स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव सांगून माइकवर यावं. गर्दी करू नये. माइक माझा आहे.

माइक खरंच माझा आहे. माझं टेंट हाऊस आहे. मांडव, गाद्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, डीजे, सगळं भाड्यानं मिळतं. परसवाड्यापासून तिरोडीपर्यंत कोणाचं लग्न लागलं, कोण नेता येऊन गेला, हे माझ्या खुर्च्यांना आधी कळतं. आणि ज्यांच्याबद्दल ही घोषणा केली ते पुंडलिकराव ढोमणे वकील माझे शेजारी. त्यांच्या-माझ्या घरात एकच भिंत आहे, आणि ती बांधताना त्यांनी माझ्या फाटकावर रीतसर नोटीस चिकटवली होती. 'सदर भिंतीबाबत हरकती मागविण्यात येत आहेत.' मी फाटकातच उभा होतो. ते नोटीस चिकटवत होते. मी म्हटलं, "वकीलसाहेब, मले काही हरकत नाही." ते डिंकाचा हात पुसत म्हणाले, "तोंडी चालत नाही भाऊ. आणि मुदतीच्या आधी तर बिलकुलच चालत नाही."

वकील म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं खून, जमीन आणि घटस्फोट येतील. ढोमण्यांचं तसं नाही. ते हवेचे वकील, पाण्याचे वकील, जंगलाचे वकील. कायदा नागपूरला शिकले आणि दिल्लीला गेले. तिथं एका मोठ्या कार्यालयात खाणींची, नद्यांची धोरणं लिहायचे. गावात सगळ्यांना वाटलं, आता हा लाल दिव्याच्या गाडीतून येणार. एक दिवस ते रिक्षातून आले, सोबत पुस्तकांच्या पेट्या. काहून वापस आले, असं विचारलं तर एकच गोष्ट सांगायचे. दिल्लीत बालाघाटच्या खाणींवर बैठक चालू होती. दुपारचं जेवण झालं आणि अध्यक्षांनी विचारलं, "हे बालाघाट नक्की कुठल्या राज्यात येतं?" ढोमण्यांनी सांगितलं, आणि पुढच्या गाडीनं इथं येऊन राहिले.

पोटासाठी ते भाडेकरार करायचे, शपथपत्रांवर शिक्के मारायचे. जीव मात्र जनसुनावणीत. आता ही जनसुनावणी म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातच आहे. एखाद्या कंपनीला खाण काढायची किंवा वाढवायची असली की गावाजवळ मांडव घालून लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. एक अधिकारी बसतो, बाबू लिहून घेतो, कंपनीचा माणूस उत्तरं देतो. आणि शेवटी, दिवसभरात जे जे नोंदलं ते, म्हणजे कार्यवाही, लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावं लागतं. नियमच आहे. पण तोवर लोक पुरी-भाजीकडं गेलेले असतात. बाबू रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवतो.

रिकाम्या म्हणजे, दोन सोडून. एकीवर ढोमणे वकील आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको, शकुनवैनी, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन.

या दोन खुर्च्यांनी माझ्या गेंदलालचं आयुष्य नासवलं होतं. गेंदलाल हा माझा जुना माणूस. मांडव घालायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात तो उतरवतो. माणूस खुर्चीतून अर्धा उठला की खुर्ची त्याच्या हातात गेलेली असते. एकदा तर तो माणूस नुसता खोकण्यासाठी वाकला होता. हा गेंदलाल या दोघांसमोर येऊन उभा राहायचा.

"वकीलसाहेब, खुर्ची."

"कार्यवाही चालू हाय, गेंदलाल."

"कोणी ऐकून राह्यलं नाही ना पण."

"आम्ही ऐकून राह्यलो."

"बाईची तरी देता काय?"

मग शकुनवैनी पिशवीतून पोळीची गुंडाळी काढून त्याच्या हातात द्यायच्या. तो तोंड भरेपर्यंत गप्प. तेवढ्यात बाबूचं एक पान वाचून व्हायचं.

वैनी पिपरटोल्याच्या. तिरोडीच्या बाजूला मँगनीजच्या खाणीला लागून गाव आहे. तिथल्याच प्राथमिक शाळेत त्या मास्तरीण होत्या, त्यामुळं माहेर आणि नोकरी एकाच धुळीत. घरी आल्या की पदर झटकायच्या आणि उंबरठ्यावर काळसर रेघ उमटायची. वकीलसाहेब ती रेघ कागदावर गोळा करून बाटलीत भरायचे आणि बाटलीला चिठ्ठी लावायचे. वैनी म्हणायच्या, "बाकीचे नवरे गजरा आणतात. हा माणूस माह्या पदराची माती जपते."

त्यांच्या घरात वांग्याचीसुद्धा सुनावणी व्हायची. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"आज वांगं करायचा प्रस्ताव हाय. आक्षेप?"

"हाय. मले वांगं नाही करायचं."

"कारण?"

"कारण गिरण काही नाही."

"बिनकारण आक्षेप नोंदवता येत नाही."

"मंग बिनकारण भाजीही होत नाही. तुमचं कार्यवाहीचं पान पोळीसंग खा."

त्या दिवशी माझ्याकडून वाटीभर वरण गेलं.

माझ्या डीजेशी त्यांचं वैर होतं, आणि प्रेमही. वरातीत ते पुढं येऊन नाचायचे, उजव्या हातात आवाज मोजायचं यंत्र धरून. कंबर हलतेय, डोळे यंत्रावर. गाणं संपलं की माझ्याजवळ येऊन कानात सांगायचे, "भाऊ, गाणं मस्त लावलं. पण तू कायद्याच्या लई वर गेलता." लगेच तक्रार लिहायचे आणि तीवर साक्षीदार म्हणून माझीच सही मागायचे. मी एकदा केलीही. माझ्याविरुद्ध.

त्यांचा सगळ्यात मोठा विजय म्हणजे सुखराम प्रकरण. लामत्याकडच्या एका जनसुनावणीत कंपनीनं गाड्या भरून समर्थक आणले होते. एकेक जण येऊन माइकवर सांगत होता, विकास पाहिजे, रोजगार पाहिजे. एक जण म्हणाला, "मैं सुखराम, वल्द मंगरू, प्रोजेक्ट का समर्थन करता हूँ।"

ढोमणे उभे राहिले. अगदी शांत. "साहेब, हे सुखराम असतील तर मोठा आनंद हाय. याईच्या तेरवीले मी जेवलतो. बुंदी होती."

मांडवात एवढं हसू फुटलं की माझा स्पीकर शिट्टी मारायला लागला. कंपनीचे जनसंपर्क अधिकारी तिवारीजी, चांगला भरगच्च माणूस, घाम पुसत खाली बसले. ढोमण्यांनी नियम सांगितला. मेलेल्या माणसाचं म्हणणं कार्यवाहीत घेता येत नाही, ना बाजूनं ना विरोधात. जो जिवंत आहे आणि हजर आहे, त्याचंच. अधिकाऱ्यांनी मान्य केलं, बाबूनं खोडलं. महिनाभर बालाघाटच्या चहाच्या टपऱ्यांवर तिवारीजी दिसले की कोणीतरी बुंदीचा भाव विचारायचं.

त्याच दुपारी शकुनवैनींनी तिवारीजींना बोलावून डब्यातली भाजी वाढली. "बसा भाऊ. कंपनी तुम्हाले भाषण देते, जेवण देत नाही वाटते." तिवारीजी ओशाळून बसले आणि बोटं चाटत जेवले.

पण विजय म्हणजे हा एवढाच. लामत्याची ती खाण निघालीच. मी इतक्या जनसुनावण्यांना मांडव घातले, एकाही ठिकाणचं काम थांबलेलं पाहिलं नाही. सुनावणी होते, पुरी-भाजी होते, आणि काही महिन्यांनी मशीन येतं. वकीलसाहेब भोपाळला हरित अधिकरणात फायली घेऊन जायचे, तारीख घेऊन यायचे. मी एकदा विचारलं, "वकीलसाहेब, आजवर जिंकले काय कधी?"

"नोंद झाली ना."

"नोंदीनं काय होते?"

"कोणी विचारलं का लोकाईले माहीत होतं काय, तर कागद म्हणंल, हौ, माहीत होतं. त्याईनं सांगतलं होतं." मग फाईल बांधत म्हणाले, "कोणी विचारलं तर."

एकदा त्यांनी एक अख्खं गाव तयार केलं. रोज संध्याकाळी जाऊन लोकांकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. कायद्याचं कलम, धुळीचं प्रमाण, भूजल, सगळं त्यात. सुनावणीच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांनी ते वाक्य घडघडा म्हटलं. वकीलसाहेबांची छाती फुगली. शेवटी बाबूनं वाचलं, "सर्व ग्रामस्थांची एकच समान हरकत." संपलं. सगळं गाव बोललं आणि कागदावर एक ओळ झाली.

परतताना माझ्या टेम्पोत पुढं आम्ही तिघं बसलो होतो. मग वैनी म्हणाल्या, "तुम्ही लोकाईले तुमचं बोलणं शिकवता. त्याईचं त्याईले बोलू द्या ना. कोणाची म्हैस हाय, कोणाची विहीर हाय. माही भी विहीर हाय. पिपरटोल्याची सुनावणी लागली का मी बोलू काय?"

"तू कशी बोलशीन? वकिलाची बायको बोलली का लोक म्हणतीन, यानं शिकवलं."

"मंग कधी बोलू?"

"पुढच्या येळी."

ही 'पुढची येळ' मी त्या टेम्पोत ऐकली आणि नंतरही कितीदा तरी ऐकली. प्रत्येक सुनावणीला त्या विचारायच्या, ते म्हणायचे, पुढच्या येळी. वैनी डबा उघडायच्या.

मग खोकला सुरू झाला. आधी हिवाळ्यातला वाटला. भिंतीपलीकडून वांग्याची सुनावणी ऐकू यायची तिथं आता खोकला ऐकू यायचा, आणि मधेच वकीलसाहेबांचा आवाज, "पाणी देऊ काय? आक्षेप?" गोंदियाला नेलं, नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं दगडासारखी झालीत. वैनींनी शाळा सोडली, मग जिना सोडला, मग खाट धरली. पावसाळ्याच्या शेवटी गेल्या.

स्मशानातून आल्यावर कोणीतरी म्हणालं, "खाणीनं मारलं बाईले." त्यावर या माणसानं काय म्हणावं? माती हातालाच होती अजून. म्हणाले, "तसं म्हणता येत नाही. कार्यकारणभाव सिद्ध नाही." लोक चिडले, उठून गेले. मला राग आला नाही. मी त्यांच्या घरात पाहत होतो. खिडकीत त्या बाटल्या ओळीनं होत्या, पदराच्या मातीच्या. तो माणूस त्यांच्याकडं पाठ करून बसला होता.

त्यानंतर भिंतीपलीकडं शांत झालं. पूर्ण नाही. जेवणाच्या वेळेला एक आवाज यायचा. "आक्षेप?" मग काही नाही. मग बऱ्याच वेळानं ताटाचा आवाज.

आणि लागली ना पिपरटोल्याची सुनावणी. वैनी गेल्या त्याच वर्षी. खाणीतून निघणाऱ्या दगडमातीचा ढीग गावाकडं वाढवायचा होता, म्हणजे शाळेमागची विहीर त्याखाली जाणार. मांडव माझाच. ढोमणे सकाळी येऊन नेहमीच्या जागी बसले, तिसऱ्या रांगेत, कडेला. शेजारच्या खुर्चीवर डब्याची पिशवी ठेवली. रिकामी होती ती, वाऱ्यानं हलत होती. तिच्यात त्यांनी एक दगड ठेवला.

दिवसभर लोक बोलले. या वेळी कोणाला काही पाठ करवलं नव्हतं. एकीनं सांगितलं, वाळत घातलेले पापड काळे होतात. एक म्हातारा म्हणाला, स्फोट झाला का माही बकरी गाभ टाकते. बाबू लिहीत होता. शेवटी सुनावणीला बसलेल्या अधिकारी, एडीएम मॅडम, म्हणाल्या, "और कोई?" तेव्हा ढोमणे उठले. लेखी हरकत तर त्यांनी कधीच दिली होती, जाडजूड. आता बोलणार काय, म्हणून मी माइकची उंची नीट केली.

"नाम?" बाबूनं विचारलं.

"शकुन ढोमणे."

बाबूनं मान वर केली. मला वाटलं, माइकच खराब झाला.

"माहं नाव शकुन ढोमणे," ते खाली बघत बोलू लागले. "मी इथल्या शाळेत शिकवत होती. शाळेच्या मागं जे विहीर हाय, तिच्यात माह्या बापानं मले पोहायले शिकवलं."

मागच्या बाजूला पोरं खिदळली. साठीकडं झुकलेला, मिशीवाला वकील, आणि म्हणतो मी शिकवत होती. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. ते थांबले नाहीत.

"पोटाले वाळला भोपळा बांधून सोडलं त्यानं मले. मी लई रडली. मंग तरंगली. त्या विहिरीचं पाणी आता चहाले लावलं का चहा काळा होते, बादलीचा दोर काळा होते. पण विहीर हाय अजून. माणूस बिमार पडला म्हणून कोणी त्याले बुजवत नाही. ते विहीर बुजवू नका. एवढंच माहं म्हणणं हाय."

आता कोणी हसत नव्हतं. पुढं बसलेल्या बायका डोळ्याला पदर लावत होत्या. त्यांना मास्तरीणबाईंचा तो आवाज ओळखू आला होता.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "वकील साहब, ये आप अपने नाम से कहिए ना। हम लिख लेंगे।"

"माही हरकत माह्या नावानं दिली हाय, मॅडम. हे तिची हाय."

"वो उपस्थित हैं?"

नियम ढोमण्यांइतका कोणाला ठाऊक होता? त्यांनीच तर जिल्ह्याला शिकवला होता. मेलेल्याचं म्हणणं घेता येत नाही, ना बाजूनं ना विरोधात. हे म्हणणं आज कागदावर आलं नाही, तर वैनींनी आयुष्यात कधी काही म्हटलंच नव्हतं असं होणार होतं. आणि मांडवातल्या प्रत्येकाची मान वळली ती तिवारीजींकडं.

"कंपनी की तरफ से कोई आपत्ति?" मॅडमनी विचारलं.

तिवारीजी उठले. मी मनात म्हटलं, घ्या, आली बुंदी. एवढी वर्षं त्या माणसानं हाच दिवस जपून ठेवला असणार. त्यांनी घसा साफ केला. वकीलसाहेबांकडं पाहिलं, मग त्या पिशवीकडं, तिच्यातल्या दगडाकडं.

"नहीं मैडम," ते म्हणाले. "कोई आपत्ति नहीं।" आणि बाहेर निघून गेले. पुरी-भाजीकडं नाही, गाडीकडं.

मॅडमनी पेन थोडा वेळ धरून ठेवलं. मग बाबूला म्हणाल्या, "लिखिए।"

त्या ढिगाचं पुढं काय होणार, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मी मांडववाला आहे, मला शेवट ठाऊक असतात. लोक पांगले. ऊन उतरलं. खाणीच्या बाजूनं धूळ येऊन मांडवाच्या पांढऱ्या कापडावर बसत होती. गेंदलालनं रांगामागून रांगा उचलल्या आणि अखेर तिसऱ्या रांगेशी, त्या दोन खुर्च्यांसमोर येऊन उभा राहिला. बाबू भरभर वाचत होता. पापड, बकरी, स्फोट. मग, "शकुन ढोमणे, शिक्षिका, पिपरटोला. इनका कहना है कि विद्यालय के पीछे का कुआँ, जिसमें इनके पिता ने इन्हें तैरना सिखाया, मिट्टी से पाटा न जाए।"

ढोमणे वकील आजवर प्रत्येक कार्यवाहीत चूक काढत आले. इथं स्वल्पविराम, तिथं गावाचं नाव. मी वाट पाहत होतो. बाबूही वाट पाहत होता, पेन तयार ठेवून. ते नुसते बसून राहिले, एक हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर. मग म्हणाले, "एकदा अजून वाचता काय?"

बाबूनं घड्याळ पाहिलं. बाहेर जीपनं हॉर्न दिला. तो कागद गोळा करू लागला, "हो गया ना वकील साहब, अब किसको सुनाना है।"

मी काही बोलणार, तेवढ्यात गेंदलालनं डोक्यावरच्या खुर्च्या खाली ठेवल्या.

"वाचा ना साहेब," तो म्हणाला. "बाई उठल्या का मंग मी खुर्ची उचलतो."